सतराव्या केबलचे वय

आग ही मुळातच बेशिस्त गोष्ट आहे. ती पूर्वसूचना देत नाही, नोंदवहीत सही करत नाही आणि आलीच तर किती वेळ थांबणार हेही सांगत नाही. म्हणून सुसंस्कृत समाजाने आगीसंबंधीची सगळी शिस्त स्वतःच्या अंगावर घेतली आहे. आगीने काय करावे हे आपल्याला ठरवता येत नाही. पण आगीविषयीच्या कागदांनी काय करावे हे ठरवता येते, आणि ते आपण इतके नेमके ठरवून ठेवले आहे की एखाद्या दिवशी आगीने ते कागद जाळण्याआधी वाचले तर तिला स्वतःची लाज वाटेल.

या शिस्तीचा कळस पाहायचा असेल तर थोरल्या बाईंचा केबलचा कारखाना पाहावा. बाई तिथे एकतीस वर्षे नोकरीत होत्या आणि त्यांतली अठरा वर्षे आराखडा विभागाच्या प्रमुख. (कारखान्यात धाकट्या बाई कोणीच नव्हत्या. एकदा एक आल्या होत्या. त्या जेवणाच्या सुट्टीपूर्वीच निघून गेल्या.) आराखडा विभाग म्हणजे एक लांबट खोली. खोलीत एक टेबल, टेबलावर केबलचे कापलेले तुकडे, एक धारदार चाकू, एक भिंग आणि बाईंचा चष्मा. चष्मा टेबलावर असेल तर बाई जागेवर नाहीत असे समजावे; चष्मा बाईंच्या नाकावर असेल तर आपणच जागेवर नसावे.

साध्या वायरचा स्वभाव सर्वांना ठाऊक आहे. सुखाच्या दिवसांत ती निमूटपणे वीज वाहते. आग लागली की चार मिनिटांत तिचे आवरण वितळते, तांब्याला तांबे भिडते, आणि लोकांनी जिन्यात पाऊल टाकले रे टाकले की जिन्यातला दिवा विझतो. (पुष्कळ नातेवाईकही याच स्वभावाचे असतात, पण त्यांची आगाऊ चाचणी घेण्याची सोय अजून झालेली नाही.) बाईंना याच्या नेमक्या उलट स्वभावाची केबल घडवायची होती. घरातल्या कर्त्या बाईकडून जी अपेक्षा असते तीच त्यांची केबलकडून होती: चहूबाजूंनी जळत असताना दिवा लागता ठेवायचा, आणि स्वतः काळा धूर सोडून इतरांना गुदमरवायचे नाही.

अकरा वर्षांत अशा सोळा केबली झाल्या आणि गेल्या. तिसरी अकराव्या मिनिटाला गेली. सातवीने आगीत दोन तास चाळीस मिनिटे काढली, पण तिच्या धुरामुळे चाचणी घेणाऱ्यांनाच बाहेर काढावे लागले. दहावी आगीतून तरली, मात्र स्वभावाने इतकी ताठ निघाली की तिला कोपऱ्यावर वळवता येईना. ती फक्त सरळ इमारतींत चालली असती. चौदावी सर्वगुणसंपन्न होती. ती भांडारात ठेवली असताना उंदरांनी खाल्ली. (उंदीर चाचणीच्या यादीत नव्हते. आता आहेत, त्यांचे स्थान ‘भूकंप’ आणि ‘इतर’ यांच्यामध्ये आहे.)

सतरावी मात्र बाईंच्या मनासारखी उतरली. मध्ये तांबे. तांब्यावर अभ्रकाच्या पट्टीचे दोन पदर, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढलेला, जशी जाणती परिचारिका जखमेवर पट्टी बांधते. त्यावर आणखी पाच थर; एक उष्णतेसाठी, एक किरणोत्सर्गासाठी, एक पाण्यासाठी, एक मारासाठी आणि एक उंदरांसाठी. अभ्रकाची ती बांधणी बाई आपल्या सुनेकडून शिकल्या होत्या. सून परिचारिका होती आणि एकदा घरात तिने बाईंच्या कापलेल्या बोटाला पट्टी बांधली होती. हे बाईंनी कारखान्यात कोणाला सांगितले नव्हते. सुनेला तर मुळीच नाही.

सून ज्या रुग्णालयात काम करत होती त्याची नवी इमारत उभी राहत होती. सात मजले, आणि जमिनीखाली किरणोपचाराची खोली. जिन्यातले दिवे, धूर बाहेर फेकणारे पंखे आणि त्या खालच्या खोलीतली यंत्रे या सगळ्यांची केबल याच कारखान्यातून जायची होती. कोणती जायची, ते बाई निवृत्त होतील त्या महिनाअखेरीपर्यंत ठरायचे होते. सतरावीला तोवर प्रमाणपत्र मिळाले तर सतरावी. नाही मिळाले तर विक्री विभागाची ‘रक्षक लाल’. सूनबाईची पाळी चौथ्या मजल्यावर असणार होती. बाईंनी या गोष्टीचा उल्लेख कोठेही केला नाही. भावना व्यक्त करण्याचा रकाना चाचणीच्या अर्जात नव्हता.

‘रक्षक लाल’ हे विक्री विभागाचे प्रमुख जावईबापू यांचे संशोधन होते. (ते मोठ्या साहेबांचे जावई. कारखान्यात त्यांची नेमणूक गुणवत्तेवर झाली. गुण कोणाचे आणि वत्ता कोणाची याची चौकशी कोणी केली नाही.) जावईबापूंनी शंभर ग्राहकांची पाहणी केली होती. त्यांपैकी त्र्याण्णव जणांनी केबलचा रंग विचारला, सहा जणांनी आणखी कोणते रंग आहेत हे विचारले, आणि एकाने आगीत काय होते हे विचारले. अधिक चौकशीअंती हा गृहस्थ चुकून आत आलेला आढळला. यावरून जावईबापूंनी निष्कर्ष काढला की केबलची अग्निरोधकता नव्व्याण्णव टक्के तिच्या रंगात असते. त्यांनी साध्या वायरला लाल आवरण घातले, त्यावर ज्वाळेचे चित्र छापले, ज्वाळेवर फुली मारली, आणि चौदाशे बंडले आगाऊच काढून ठेवली. फुली पाहून आग मागे फिरेल, ही कल्पना धाडसी होती हे मान्य केले पाहिजे.

“बाई, तुमची केबल उत्तमच आहे,” ते एकदा आराखडा विभागाच्या दारातून म्हणाले. (आत येण्याचे धाडस मात्र त्यांच्यात नव्हते.) “पण ती करडी आहे हो. करडी वस्तू बघून माणसाला धीर येत नाही.”

“जावईबापू, धीर यायला ती भिंतीतून दिसते कुठे?”

“तेच तर. दिसत नाही म्हणून तर रंग चांगला हवा!”

यावर बाईंनी चष्मा नाकावर चढवला आणि जावईबापू दारातून नाहीसे झाले.

आता चाचण्यांकडे वळू. केबल भिंतीत चाळीस वर्षे राहणार, तेव्हा तिला चाळिसाव्या वर्षी आगीत घातली तर ती काय करील, हे आज समजले पाहिजे. त्यासाठी चाळीस वर्षे थांबणे हा एक मार्ग आहे, पण तोवर समितीचे सदस्य बदलतात. म्हणून नमुना सहा आठवडे भट्टीत तापत ठेवतात. उष्णतेने वस्तू लवकर म्हातारी होते. सहा आठवड्यांत चाळीस वर्षांची. बाईंनी हे तत्त्व घरी जेवताना समजावून सांगितले तेव्हा सूनबाई म्हणाली, “आई, त्यासाठी भट्टी कशाला? चार वर्षं या घरात ठेवायची. मीच बघा ना.”

“तू अजून कच्ची आहेस,” बाई म्हणाल्या. “भाजी वाढ.”

मुलगा, नेहमीप्रमाणे, पाणी पीत राहिला.

भट्टीनंतर नमुना किरणोत्सर्गाच्या चाचणीला दूरच्या संस्थेत गेला. चाळीस वर्षांत किरणोपचाराच्या खोलीत जेवढे किरण अंगावर येतील तेवढे त्याने तिथे दोन महिन्यांत सोसले आणि तो शिशाच्या पेटीतून परत आला. किरण सोसलेली वस्तू स्वतः किरण सोडत नाही, हे विज्ञान आहे. परंतु कारखान्यात विज्ञान फक्त आराखडा विभागात चालत असे. फाटकावरच्या पहारेकऱ्याने पेटीला आत सोडताना श्वास रोखून धरला. कारकुनाने सोबतचा कागद चिमट्याने उचलला, त्याची प्रत काढली, आणि नंतर प्रतीलाही चिमट्यानेच धरले.

त्या कागदावर, इतर माहितीबरोबर, एक ओळ होती: ‘नमुन्याचे वय: चाळीस वर्षे.’

हा कागद भांडारप्रमुख तात्यांकडे गेला. तात्यांविषयी आदरानेच बोलले पाहिजे. कारखान्यात सर्वांना नियम माहीत होते. पाळत मात्र एकटे तात्याच. भांडारातल्या प्रत्येक वस्तूला त्यांनी क्रमांक दिला होता, आपल्या खुर्चीलाही, आणि जवळचे लोक सांगतात की आपल्या छत्रीलाही. तात्यांनी कागद वाचला, नियमपुस्तक उघडले आणि नियम नऊवर बोट ठेवले: पंचवीस वर्षांपेक्षा जुनी कोणतीही वस्तू निकामी समजून भंगारात काढावी.

अकरा वर्षांच्या मेहनतीचा एकुलता एक नमुना, आगीची शेवटची चाचणी उरलेली असताना, भंगाराच्या गाडीत जाऊन पडला. बाई भांडारात आल्या तेव्हा तात्या त्याची पावती फाडत होते.

“तात्या, ही केबल मागच्या वर्षी जन्मली. जन्माला मी हजर होते.”

“असेल बाई. पण कागद म्हणतो चाळीस.”

“ते भट्टीत वाढवलेलं वय आहे!”

“वय कसंही वाढलं तरी वयच. मी साठीला आलो, सगळं इथे बसून आलं. म्हणून मी म्हणू का, की माझं वय खरं नाही?”

“तिचा अजून निकाल लागायचाय, तात्या.”

“माझाही,” तात्या म्हणाले आणि पावतीवर शिक्का मारला.

दुसरा नमुना करावा म्हटले तर पुन्हा सहा आठवडे भट्टी आणि दोन महिने किरण. बाईंच्या निवृत्तीला उरले होते बावीस दिवस. बाई मोठ्या साहेबांकडे गेल्या. मोठे साहेब न्यायी गृहस्थ होते. कोणाचीही बाजू न घेता ते समिती नेमत. अशा रीतीने ‘केबल वयनिश्चिती समिती’ अस्तित्वात आली. निकाल लागेपर्यंत नमुना भंगाराच्या गाडीतच राहील, मात्र गाडी जागची हलणार नाही, असा अंतरिम आदेश निघाला. (त्यामुळे कारखान्यातले इतर भंगार नऊ दिवस मार्गिकेत साचले. चौकशीला आलेल्यांना ती विस्तार योजना आहे असे सांगण्यात आले.)

समितीत तीन सदस्य होते. कामगार अधिकारी, कारण वयाचे दाखले तपासण्याचा त्यांना अनुभव होता. बागप्रमुख, कारण झाडाचे वय ओळखणारा कारखान्यात तोच एक. आणि जावईबापू, कारण त्यांना समितीत न घेण्याची पद्धत नव्हती.

कामगार अधिकाऱ्यांनी जन्मतारीख पाहून नमुन्याचे वय एक वर्ष ठरवले. बागप्रमुखांनी नमुन्याचे टोक कापून आतली कडी मोजली; सात थर दिसले, म्हणून त्यांच्या मते वय सात. जावईबापूंनी कागदावरचे चाळीस उचलून धरले आणि वर म्हटले की, करडा रंग हेही वृद्धत्वाचेच लक्षण आहे. तिघांपैकी कोणी मागे हटेना. अखेर सामोपचाराने सरासरी काढण्यात आली. एक, सात आणि चाळीस यांची बेरीज अठ्ठेचाळीस. भागिले तीन, सोळा. नमुन्याचे वय सोळा वर्षे निश्चित झाले आणि समितीने स्वतःचे अभिनंदन करणारा ठराव एकमताने मंजूर केला.

पंचविशीच्या आत आल्याने सतरावी भंगारातून सुटली. बाईंनी त्याच दुपारी भट्टीवाल्याला बर्नर तयार ठेवायला सांगितले. तेव्हा कामगार अधिकारी स्वतः धावत आले.

“बाई, असं करू नका. ती सोळाची आहे.”

“मग?”

“मग काय? अल्पवयीन! अठरा वर्षांखालच्या कोणालाही आगीजवळ नेता येत नाही. माझी नोकरी जाईल.”

“अहो, ती केबल आहे!”

“ते खरं, पण समितीने वय ठरवलंय ना आता. वय ठरलं की नियम आलाच.”

यातली तर्कशुद्धता वादातीत होती. चाळीस धरले तर सतरावी भंगारात, सोळा धरले तर आगीला मनाई. दोन वर्षे थांबावे तर बाई घरी, आणि रुग्णालयाच्या जिन्यात लाल रंग. जावईबापूंनी त्या संध्याकाळी कारखान्यातल्या सर्वांना पेढ्याऐवजी लाल वायरचे वीतवीत तुकडे वाटले, ‘किल्ल्या अडकवायला उपयोगी पडतात’ म्हणून.

बाई घरी आल्या आणि न बोलता जेवल्या. त्या न बोलता जेवल्या की घरात भांडीही दबक्या आवाजात वाजत.

“आई, काय झालं?” सूनबाईने विचारले.

“काही नाही. नव्या इमारतीत तुला चौथ्याच मजल्यावर जायचंय का?”

“हो. का?”

“तळमजल्यावर नाही का काही? दाराजवळ?”

“तिथे चौकशीची खिडकी आहे. तिथे बसून मी काय करू? लोकांना स्वच्छतागृह दाखवू?”

“वाईट काम नाही ते,” बाई म्हणाल्या.

सूनबाई पाहतच राहिली. सासूने तिच्या नोकरीविषयी चार वर्षांत विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

त्यानंतर बाईंनी नियमपुस्तक घरी आणून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचले. हे पूर्वी कोणी केले नव्हते; ज्यांनी ते लिहिले त्यांनीही आळीपाळीने लिहिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भांडारात गेल्या.

“तात्या, तुमचंच खरं.”

तात्यांच्या हातातला शिक्का निसटला. सदतीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य त्यांना कोणी उच्चारून दाखवले नव्हते.

“कोणतं खरं, बाई?”

“ती चाळीसचीच आहे. समितीला काय कळतंय? संस्थेच्या कागदावर चाळीस म्हणजे चाळीस. नियम नऊ लावा आणि टाका भंगारात.”

“हेच मी पहिल्या दिवसापासून सांगतोय!” तात्यांचे डोळे पाणावले. “समितीच्या अहवालावर कुठे मोठ्या साहेबांचा शिक्का आहे? शिक्का नाही म्हणजे अहवाल नाही.” त्यांनी नव्याने पावती फाडली आणि प्रथमच तिच्यावर दोनदा शिक्का मारला, एक कामाचा आणि एक समाधानाचा.

“आता नियम एकोणतीस बघा,” बाई म्हणाल्या.

तात्यांना तो पाठ होता. निवृत्त होणाऱ्या व्यक्तीस निरोपाची भेट म्हणून भिंतीवरचे घड्याळ द्यावे, किंवा तिच्या इच्छेनुसार भंगारातली कोणतीही एक वस्तू. (आयुष्यभर घड्याळाच्या काट्यावर चाललेल्या माणसाला वेळेची गरज संपल्यावर घड्याळ देण्यामागचा विचार खोल आहे. भंगाराचा पर्याय आजवर कोणी निवडला नव्हता; बहुतेकांना तो आपल्यावरचा शेरा वाटे.)

“मला घड्याळ नको. ती केबल द्या.”

“घेऊन काय करणार, बाई?”

“जाळणार.”

तात्यांनी नियमपुस्तक चाळले. भंगाराच्या वस्तूचे मालकाने काय करावे याविषयी एक अक्षरही नव्हते. त्यांनी समाधानाने मान डोलावली. जे पुस्तकात नाही त्याची चिंता त्यांनी कधीच केली नव्हती.

नियम तीस सांगतो की निरोपसमारंभाचे स्थळ निवृत्त होणाऱ्याने निवडावे. बाईंनी चाचणीची खोली निवडली. ती काजळलेल्या भिंतींची खोली, खिडकीच्या एका तावदानात काचेऐवजी पुठ्ठा, मध्ये लोखंडी चौकट, चौकटीखाली बर्नरांच्या दोन रांगा. चौकटीवर बाईंची भेटवस्तू ताणून बसवली होती आणि तिच्या टोकाला साधा बल्ब जोडला होता. लोकांना ती सजावट वाटली.

आता एक आकडेवारी. आगीच्या चाचणीत केबल तीन तास ज्वाळेत धरावी लागते. दर पाच मिनिटांनी चौकटीवर हातोड्याचा ठोका, शेवटच्या पंधरा मिनिटांत पाण्याचा फवारा, आणि तीन तासांत बल्ब विझला की केबल नापास. कारखान्याच्या मागच्या बावीस निरोपसमारंभांचा सरासरी कालावधी होता तीन तास दहा मिनिटे. बाईंनी या दोन आकड्यांखाली पेन्सिलीने एकेक रेघ ओढून ठेवली होती.

चौसष्ट जण आले. दारात नोंदवही ठेवली होती. प्रत्येकाने सही केली. पानाच्या माथ्यावर बाईंच्या सुवाच्य अक्षरात लिहिले होते: ‘खाली सही करणाऱ्यांनी केबल क्रमांक सतरा हिची अग्निचाचणी आरंभापासून अखेरपर्यंत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली.’ कोणी वाचले नाही. (सहीच्या वर काय लिहिले आहे हे माणसे वाचू लागली तर पहिल्या आठवड्यातच सर्व व्यवहार ठप्प होतील, तेव्हा हेही योग्यच.) सूनबाईला बाईंनी पहिल्या रांगेत बसवले होते. तिने मात्र वाचले. सासूकडे एकदा पाहिले आणि सही केली.

बर्नर पेटले. भाषणे सुरू झाली. बाई किती कडक, किती वक्तशीर आणि आतून किती मऊ आहेत यावर अकरा वक्ते बोलले. शेवटचा मुद्दा सर्वांनीच ऐकीव माहितीवर मांडला. दर पाच मिनिटांनी हातोडा पडे, आणि वक्त्याला वाटे की आपल्या वाक्याला दाद मिळाली; तो तेच वाक्य पुन्हा म्हणे. यामुळे कार्यक्रम रेंगाळला, जे आवश्यकच होते. खोली तापत गेली. मंडळी घाम पुसू लागली. छायाचित्रकाराने ते अश्रू समजून टिपले.

जावईबापू बोलायला उभे राहिले तेव्हा बाईंनी भट्टीवाल्याला खूण केली. पाहुण्यांच्या सन्मानार्थ दुसरी रांग पेटली. तिच्यावर ‘रक्षक लाल’ ताणलेली होती आणि तिलाही एक बल्ब होता. तिचा रंग खरोखर सुंदर दिसत होता.

“आमची केबल,” जावईबापू म्हणाले, “म्हणजे एकच शब्द. विश्वास—”

‘रक्षक लाल’चा बल्ब विझला. चार मिनिटे झाली होती. खोलीत काळा धूर पसरला आणि लोकांनी रुमाल नाकाला लावले.

“बल्ब खराब असेल,” जावईबापू म्हणाले. बल्ब बदलण्यात आला. मग दुसरा. मग तिसरा. तिसऱ्यानंतर मागून तात्यांचा आवाज आला, “एका समारंभाला दोनच बल्ब मंजूर आहेत.”

शेवटचे भाषण मोठ्या साहेबांचे. ते एरवी चाळीस मिनिटे बोलत. धुराने त्यांचा घसा बसला, आणि पंचविसाव्या मिनिटालाच “शेवटी एवढेच सांगतो” म्हणून ते थांबू लागले. तीन तासांना अजून सतरा मिनिटे बाकी होती. चाचणी संपण्यापूर्वी कोणी उठले असते तर चौसष्ट सह्यांचा उपयोग शून्य झाला असता. बाईंनी आयुष्यात कधी कोणाचे आर्जव केले नव्हते. त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिले.

सूनबाई उठली.

“मला आईंबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत,” ती म्हणाली. सून सासूबद्दल जाहीर बोलणार म्हटल्यावर उठलेलेही बसले. “चार वर्षांत आईंनी माझ्या स्वयंपाकाला एकदाही चांगलं म्हटलेलं नाही. वाईट मात्र एक हजार चारशे साठ वेळा. मी मोजलंय, लीप वर्षाचा एक दिवस सोडून. त्या दिवशी त्या आजारी होत्या.” तिथून पुढे तिने तारीखवार सुरुवात केली. फवारा सुरू झाला, पुढच्या रांगा भिजल्या, तरी कोणी हलले नाही. बाई मान ताठ ठेवून ऐकत होत्या. तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर भट्टीवाल्याने हात वर केला.

तीन तास पूर्ण झाले. बल्ब जळत होता.

“ही कुठली केबल?” मोठ्या साहेबांनी ओल्या कोटातून विचारले.

“भंगारातली, साहेब,” तात्या अभिमानाने म्हणाले. “पावती आहे.”

“भंगारातली? आणि तीन तास टिकली?” मोठे साहेब विचारात पडले. “मग नवी किती टिकेल!” आणि त्यांनी त्या बल्बच्याच उजेडात प्रमाणपत्रावर सही केली. शास्त्राचा विजय होतो तो नेहमी शास्त्रीय कारणांनीच होतो असे नाही.

रुग्णालयात सतरावी गेली. बंडले उतरली त्या दिवशी सूनबाईने एक टोक चाकूने सोलून आत पाहिले आणि संध्याकाळी चहाच्या वेळी विषय काढला.

“आई, आतली पट्टी बघितली. दोन पदर आहेत.”

“निम्मे चढलेले?”

“निम्मे चढलेले.” तिने कप पुढे सरकवला. “ही बांधणी मी कुठेतरी पाहिलीय.”

“जगात पट्ट्या सगळेच बांधतात,” बाई म्हणाल्या. मग, बऱ्याच वेळाने, “चहा बरा झालाय.”

सूनबाईने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तारखेभोवती गोल केला.

अशा रीतीने सर्व काही यथास्थित पार पडले. राहता राहिली ‘रक्षक लाल’ची चौदाशे बंडले. ती भंगारात काढावीत असा विचार काहींनी मांडला, परंतु तात्यांनी तो हाणून पाडला. आणि त्यांचे बरोबरच होते. नियम नऊप्रमाणे भंगारात जाण्यासाठी वस्तू पंचवीस वर्षे जुनी लागते. ‘रक्षक लाल’ जेमतेम वर्षाची होती. तिला भंगारात जाण्यासाठी अजून चोवीस वर्षे काढावी लागणार होती, आणि तेवढा काळ चौदाशे बंडले ठेवायला भांडारात जागा नव्हती. म्हणून ती निरनिराळ्या इमारतींच्या भिंतींत ठेवण्यात आली आहेत. तुमच्या घराच्या भिंतीही त्यांत आहेत. मुदत संपताच ती नियमानुसार परत नेण्यात येतील. तोपर्यंत तुम्ही ती सांभाळत आहात याबद्दल कारखाना आभारी आहे. तुमची संमती गृहीत धरलेली नाही, रीतसर घेतलेली आहे: सही तुमचीच आहे, आणि विक्री विभागाच्या नोंदीप्रमाणे ती करताना तुम्ही एकच प्रश्न विचारला होता. भिंतीला रंग कोणता देणार?